पत्र्याबद्दल पत्र

यावुझ,
फोन मधेच तुटला तेव्हा मी माळवदावर होते.
धाप लागली होती. रडत नव्हते.

परवा पाऊस झाला. थांबला की लगेच चढायचं नसतं,
ओली माती टाचेला चिकटते,
छताचं कातडं सोलून निघतं.
उशीर केला तर भेगा हट्टाला पेटतात.
मधली एक वेळ असते:
अंगठा दाबला की ठसा उमटतो
आणि अंगठा कोरडा परत येतो.
तेव्हा दगडी रूळ फिरवायचा.
काठाकडे पाठ करून ओढायचा नाही.
झुल्कूफकाका हे एकदाच विसरला.

शरदात नवा थर. चाळलेली माती, भुसा, आणि मीठ
हात आखडता न घेता. मिठानं गवत मरतं.
(शेजारची शेळीही त्याच मिठासाठी जिना चढते,
तिला हाकलणं हेही छताचंच काम.)
बर्फ गुडघ्याला लागण्याआधी ढकलायचा
लाकडी फावड्यानं.
लोखंडी फावडं बर्फाबरोबर घरही उचलतं.

तुझ्या डुइसबुर्गच्या घराला लाल कौलं.
तिथे वर फक्त शेवाळ चढतं म्हणालास,
आणि वर्षातून एकदा काळ्या कपड्यातला माणूस
धुराड्यात डोकावून बिल ठेवून जातो.
नवल वाटलं मला.
वीस वर्षं ज्याच्याखाली झोपतोस
त्याला तुझा पाय कधी लागलाच नाही.

गुलिझारनं गेल्या साली पत्रा घातला, निळा.
बर्फ आपोआप घसरतो, काही करावं लागत नाही.
आपोआप घसरला तो खुराड्यावर.
सहा कोंबड्या.
पाऊस आला की ती आणि तिचा नवरा
ओरडून बोलतात. एरवी बोलतच नव्हते,
तेवढा फायदा.

मी नाहीच म्हणत होते. तुला माहीत आहे.
मग ऑगस्टमध्ये जिल्ह्याहून एक पोरगा आला,
कानामागे पेन्सिल. त्यानं कोपऱ्यात
केक कापावा तशी माती कापली.
आजोबांनी घातली होती चार बोटं.
आता ती माझ्या मांडीपर्यंत येते.
दर वर्षी एक थर, आणि कुणी कधी
एकही काढला नाही.
आईच्या दुखण्यातला थर मी ओळखला:
भुसाच जास्त.
भुसा हलका, तिला उचलवत असणार.
त्याखाली एक चमचा निघाला. कुणाचा, देव जाणे.

खालून त्यानं तुळया दाखवल्या.
पॉप्लरच्या, बाबांनी सोललेल्या,
म्हाताऱ्या गाढवाच्या पाठीसारख्या वाकलेल्या.
म्हणाला, बाई, जमीन हलली तर हे छत नाही,
झाकणासकट तयार कबर आहे.
बोलायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
पण मी रात्रभर वर बघत पडून राहिले.
आपण जपलं जपलं म्हणतो.
डोक्यावर घेतलं, यावुझ, दुसरं काय.

तर घाल पत्रा.
पण आधी माती उतरवायची, मग पत्रा,
गुलिझारसारखा मातीवरच बसवायचा नाही.
उतार जर्दाळूच्या झाडांकडे, रस्त्याकडे नाही,
शाळेची पोरं तिथूनच जातात.
खिळे नकोत, स्क्रू.
तेही पत्र्याच्या उंचवट्यावर;
खोलगटात पाणी भोक शोधत येतं.
स्क्रूखालच्या रबरी चकत्या तिकडूनच आण, तीनशे.
इथल्या दोन हिवाळ्यांत तडकतात.
आणि दर वसंतात कुणीतरी चढून
एकेक स्क्रू हातानं चाचपायचा.
कुणीतरी म्हणजे मी.

मी कोपऱ्यापासून सुरुवात केली आहे.
एकशे चाळीस घमेली झाली, अजून कोपराच आहे.
ही माती बागेत टाकता येत नाही,
इतक्या वर्षांचं मीठ आहे तिच्यात.
ओढ्यातही नको, खाली लोकांची शेतं.
सध्या दारापुढे ढीग आहे
आणि शेळी त्यावर राणीसारखी बसते.
कुठे टाकायची
एवढंच विचारायला मी फोन केला होता.

सेहेर